दुकानाच्या पायरीला घासून जाणारी गाडी आणि तिची म्हातारी इंजिनं (दार्जिलिंगहून आल्यावर)

उद्यमनगरी:
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन दार्जिलिंगला जाऊन आलो. टायगर हिल, चहाचे मळे वगैरे लिहीत नाही, ते सगळं नेटवर भरपूर आहे. मला तिथल्या गाडीबद्दल बोलायचंय. येऊन दोन आठवडे झाले तरी डोक्यातनं जाईना म्हणून धागा काढला.

न्यू जलपायगुडीवरनं जीपनं वर निघालो आणि कर्सियांगला चहाला थांबलो. तिथं बाजार आहे. रस्ता, रस्त्याला चिकटून रूळ, आणि रुळाला चिकटून दुकानं. चिकटून म्हणजे अगदी पायरीपाशी. रुळावरच एकानं कोबी लावलेला, शेजारी स्वेटरवाल्याचा स्टँड. मला वाटलं हे जुने बंद पडलेले रूळ असणार, नुसते राहिलेत. तेवढ्यात भोंगा वाजला. स्वेटरवाला गिऱ्हाईकाशी बोलत होता, त्यानं तिकडं न बघताच हात लांब करून स्टँड आत ओढला, कोबीवाल्यानं पोत्याची दोन टोकं धरून सगळा कोबी एका झटक्यात मागं घेतला, एक बाई पोराला कडेवर घेऊन पायरीवर चढली, आणि गाडी आली. डिझेल इंजिन आणि मागं छोटे छोटे डबे. चालत्या माणसापेक्षा थोडीच फास्ट. खिडकीतनं हात काढला असता तर स्वेटर हातात आला असता. गाडी गेली, स्टँड परत बाहेर, कोबी परत रुळावर. कोण ओरडलं नाही, शिट्टी नाही की पोलीस नाही. आपल्या कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत बाजाराच्या दिवशी एक टेम्पो आत घालायचा म्हटला तर केवढा कालवा होतो, तुम्हाला माहीतच आहे.

दुसऱ्या दिवशी दार्जिलिंग ते घूम वाफेच्या इंजिनाची राइड घेतली. निळं इंजिन, आपल्या एका ट्रॅक्टरएवढं दिसतं, आणि त्याच्यावर पाच माणसं! ड्रायव्हर, फायरमन, एकजण वर कोळशावर बसून हातोड्यानं कोळसा फोडणारा, आणि दोघं पुढं बफरच्या फळीवर बसलेले. पाऊस पडून गेलेला, रूळ ओले, तर ते दोघं मुठीनं रुळावर वाळू सोडत होते. चाक जरा फिरलं की ह्याची मूठ उघडलीच. माझे बाबा पॅटर्नमेकर, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारे, पस्तीस वर्षं उद्यमनगरात सागवानाचे पॅटर्न केले. घूमला अर्धा तास गाडी थांबते, सगळे म्युझियम बघायला गेले, बाबा इंजिनापाशी. सिलेंडर बघतायत, ब्रेक ब्लॉक (चाकाला दाबणारा ठोकळा) बघतायत, खाली वाकून काहीतरी बघतायत. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "ह्यातलं निम्मं आपल्या गल्लीत ओतून मिळंल रं, पण हे चालू ठेवलंय कुणी?"

हाच माझा पण प्रश्न आहे. १८८१ सालचं इंजिन आज चालतंय तर त्याचे पार्ट कोण करतं? आणि असल्या भर बाजारातनं लाइन टाकलीच कशी?

नॅरोगेज:
मस्त लिहिलंय. एक दुरुस्ती. १८८१ हे लाइनचं साल. सिलिगुडी ते दार्जिलिंग पूर्ण लाइन जुलै १८८१ मध्ये सुरू झाली, कर्सियांगपर्यंत गाडी त्याच्या आदल्या वर्षीच पोचली होती. तुम्ही बघितलंत ते इंजिन बी क्लास, ते १८८९ पासून यायला लागले. ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट कंपनीनं सुरुवात केली, पुढं नॉर्थ ब्रिटिश, तीन अमेरिकेच्या बाल्डविनकडून आले आणि तीन तर खुद्द तिथल्याच तिनधरिया वर्कशॉपमध्ये बांधले. सगळे मिळून ३४, शेवटचे १९२५ च्या सुमाराचे. एकच डिझाइन जवळजवळ चाळीस वर्षं बांधत राहिले. म्हणजे पहिल्यांदाच बरोबर जमलं होतं.

बाजाराचं कारण असं की ती मुळात रेल्वे नव्हतीच, ट्रामवे होती. कंपनीचं पहिलं नावच दार्जिलिंग स्टीम ट्रामवे. फ्रँकलिन प्रेस्टेज म्हणून ईस्टर्न बेंगॉल रेल्वेचा एजंट होता, त्यानं बघितलं की हिल कार्ट रोड आधीच बांधलेला आहे, बैलगाड्यांनी तांदूळ वर जातोय आणि वर पोचेपर्यंत त्याची किंमत कितीतरी वाढतेय. मग वेगळी जमीन, वेगळा घाट कशाला, रस्त्याच्या कडेलाच रूळ टाकू. दोन फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर दोनच फूट, त्यामुळे वळणं कितीही घ्या. रस्ता बाजारातनं जातो म्हणून गाडी पण बाजारातनं. उताराचा त्रास झाला तिथं लूप केले, म्हणजे रूळ गोल फिरवून स्वतःच्याच वरनं नेले, आणि लूपला जागा नाही तिथं झेड, म्हणजे गाडी पुढं जाते, थांबते, उलटी वर चढते, परत पुढं. असले सहा झेड आहेत. सपाटीवरनं निघून घूमला ७४०७ फुटांवर जाते, आणि मध्ये दातेरी रूळ नाही की दोर नाही, नुसत्या चाकाच्या पकडीवर. त्यासाठीच ती वाळू.

आणि त्यासाठीच इंजिन तसलं. चारच चाकं, चारही ओढणारी. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी टाकलेली, कोळसा पण पुढंच. जेवढं वजन आहे ते सगळं ओढणाऱ्या चाकांवर. पॅटर्नमेकर माणसाला ते बघून थांबावंसं वाटणारच.

बावड्याचा_बाळू:
वाचून भारी वाटलं पण मी जरा वेगळं बोलतो. जीप तीनेक तासात वर पोचवते, ही गाडी खालून वर जायला सात तास घेते. रूळ रस्ता सारखा ओलांडतात, ट्रॅफिक जाम. एका इंजिनावर पाच माणसांचा पगार. डिझेल आलेत ना, मग वाफेची दोन इंजिनं काचेत ठेवा, बाकीचं बंद करा. बाजारातनं रेल्वे नेणं आजच्या काळात धोक्याचंच आहे, कर्सियांगला कोबी आहे म्हणून ठीक, एखादं लेकरू असतं तर?

रंकाळ्याची_माई:
बाळू, लेकरू त्या बाईनं उचललं हे दादांनी लिहिलंय की. तिथल्या माणसाला गाडी अंगात भिनलेली असते.

मी मुलीकडे बँकॉकला गेले होते तेव्हा मेकलाँगचा बाजार बघितला. तिथं इंजिन जुनं नाही, डिझेलचे डबे आहेत, पण बाजार बघाल तर थक्क व्हाल. लाइन १९०५ च्या आसपासची, मीटरगेज, मध्ये नदी येते तर लाइन दोन तुकड्यात, नदी बोटीनं ओलांडायची. शेवटच्या स्टेशनाआधी रुळाच्या दोन्ही बाजूला मासे, मिरच्या, भाज्या, आणि वर छपरं अशी की ऊन खाली येत नाही. दिवसातनं चार गाड्या येतात, चार जातात. गाडी यायच्या आधी छपराच्या काठ्या फटाफट मिटतात, त्यांच्या भाषेत त्या बाजाराचं नावच छत्री मिटायचा बाजार असं काहीतरी आहे. मला आवडलं ते म्हणजे माशांचे ट्रे. काही ट्रेंना खाली छोटी चाकं, छोट्याशा पट्टीवर सरकणारी. बाईनं एका बोटानं ढकलला की ट्रे मागं. आणि ज्या भाज्या रुळापेक्षा बुटक्या त्या हलवतच नाहीत, गाडी त्यांच्यावरून जाते! किती इंच मोकळे राहतात ते प्रत्येकीला माहीत. मी तिथं एका म्हातारीजवळ उभी होते, तिनं मला दंडाला धरून अर्धा हात मागं घेतलं, बरोबर अर्धाच, आणि गाडी माझ्या नाकासमोरनं गेली. भाषा एक शब्द कळत नव्हती. ती पकड मला अजून दंडावर जाणवते.

मिरज_जंक्शन:
धागा वाचला आणि राहवेना. माझे वडील मिरजेला फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. आता मिरज म्हटलं की लोकांना दवाखाने आणि सतारी आठवतात पण एकेकाळी मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही गेज एका स्टेशनात होते, असं देशात फार थोड्या ठिकाणी होतं. पुण्याकडनं आणि कोल्हापूरची लाइन १९७१ ला ब्रॉडगेज झाली, त्याआधी सगळं मीटरगेज, लोंढ्याकडं त्यानंतरही बरीच वर्षं मीटरगेजच होतं, आणि कुर्डुवाडीकडं बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी, पंढरपूरच्या वारीला माणसं टपावर बसून जायची ती.

बाळूला राग येऊ नये पण पाच माणसांचा पगार म्हणतोस तर सांगतो ती माणसं काय करतात. वडील रात्री अडीचला उठून शेडला जायचे कारण गार इंजिन लगेच पेटत नाही, आधी पाणी बघायचं, मग जाळ हळूहळू वाढवायचा, एकदम वाढवला तर बॉयलर वाकडा होतो, पत्रा एकीकडं तापतो एकीकडं गार राहतो, चार पाच तास त्यातच जातात. मग चालू गाडीत एक डोळा गेज ग्लासवर, म्हणजे बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर. पाणी फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळाच्या पेटीच्या, छताच्या खाली गेलं की संपलं. त्या छतात एक बोल्ट असतो, मधे शिसं ओतलेला, लेड प्लग. पाणी कमी झालं की शिसं वितळतं आणि वाफ खाली येऊन जाळ विझवते. वडील म्हणायचे प्लग वितळला म्हणजे फायरमनची अब्रू गेली. त्यांचा कधी वितळला नाही. आणि हे सपाटीवरचं हां. दार्जिलिंगला चढावर बॉयलर तिरका होतो, पाणी मागं येतं, गेज ग्लासमध्ये भरपूर दिसतं पण पुढं कमी असतं, उतारावर उलटं. झेडवर तर दर वेळी बदलणार. ते पुस्तकात वाचून येत नाही, शेजारी उभं राहून पाच-सात वर्षं फावडं मारल्यावर येतं. काचेत ठेवलेलं इंजिन लोखंडच आहे, ते गंजणार नाही एवढंच.

नॅरोगेज:
काका, नमस्कार. बार्शी लाइट निघालीच आहे तर, ती एव्हरार्ड कॅलथ्रॉपची. १८९७ ला सुरू. त्यानं आधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ थोडी लाइन टाकून इंजिन आणि वॅगन चालवून दाखवले आणि मग माल इकडं पाठवला. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन पडायचं नाही हा त्याचा नियम, म्हणून इंजिनाला खूप चाकं. दार्जिलिंगच्या बरोबर उलटा विचार: तिथं सगळं वजन चार चाकांवर दाबायचं, इथं पसरायचं. दोन्ही आपापल्या जमिनीला बरोबर.

आणि दार्जिलिंगला जायला जमत नसेल त्यांना सांगतो, तिकडचं ७९४ नंबरचं बी क्लास आपल्या नेरळला आणलं होतं, माथेरान लाइनचं गेज पण दोन फुटीच.

गुळाचा_रवा:
आमचं तीन पिढ्यांचं अडतीचं दुकान. बाजारातनं रेल्वे म्हटल्यावर मी पण लिहितो. कोल्हापूरची लाइन १८९१ ची, संस्थानानं बांधलेली, आणि शाहू महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली ती १८९५ ची. स्टेशन आधी, पेठ मग, आणि मुद्दाम शेजारी. आजोबा सांगायचे, मालधक्क्यावर गुळाच्या रव्यांचा, म्हणजे ढेपांचा, वास असा असायचा की गाडीतनं उतरणाऱ्या माणसाला कोल्हापूर आलं हे डोळे मिटून कळायचं. आपला गूळ गुजरातला जायचा तो ह्याच लाइननं. हमाल रवा पाठीवर घेऊन वॅगनीत शिरायचा आणि तिथं लावायचा पण एक हिशोब, गरम दिवसात रवा घाम सोडतो, खालचा थर कसा ठेवायचा, मधे काय घालायचं. आता सगळं ट्रकनं जातं. लाइनवर वळिवड्याच्या अलीकडं गूळ मार्केट नावाचं स्टेशन मात्र अजून आहे. त्या पाटीकडं मी दर वेळी बघतो.

आमच्याकडं पेठ आणि रूळ यांच्या मधे भिंत आली. कर्सियांगला आली नाही. मला त्याचा हेवा वाटला, सरळ सांगतो.

उद्यमनगरी:
किती सुंदर लिहिताय सगळे. आईला वाचून दाखवलं, ती मेकलाँगच्या म्हातारीपाशी रडली.

माझा अर्धा प्रश्न अजून राहिलाय, पार्ट कोण करतं?

नॅरोगेज:
तिनधरिया. कर्सियांगच्या खाली, डोंगराच्या कुशीत वर्कशॉप आहे. इंजिन तिथं येतं, पूर्ण उघडतात, बॉयलर वेगळा, चाकं वेगळी, बेअरिंग परत भरतात. बाहेर दुकानात मिळेल असा त्यात एकही पार्ट नाही. जो झिजला तो करायचा. बरं, ३४ इंजिनं एकाच ड्रॉइंगची असली तरी शंभर वर्षांत प्रत्येकाला वेगळं वेगळं घासून बसवलेलं. ह्याचा पार्ट त्याला लागेलच असं नाही. २०१० आणि ११ ला दरडी कोसळल्या, पागलाझोरा आणि तिनधरियापाशी रस्ता आणि लाइन दोन्ही वाहून गेली, वर्कशॉप एका बाजूला, दार्जिलिंग दुसऱ्या बाजूला. पूर्ण लाइन परत जोडायला डिसेंबर २०१५ उजाडलं. १९९९ ला युनेस्कोनं ह्या रेल्वेला वारसा म्हटलं, त्यात निसर्ग आहे, लूप आहेत, पण माझ्या मते खरा वारसा ते वर्कशॉप.

उद्यमनगरी:
हेच. बाबांना हेच खटकलं होतं. आता ते सांगतायत तसं टाइप करतो:

"पॅटर्न करायचा म्हणजे नुसतं माप घेऊन चालत नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर आखडतं, मीटरला दहा मिलीच्या आसपास, तेवढं लाकडात वाढवायला लागतं. मग मशिनिंगला वेगळं सोडायचं. मग पॅटर्न वाळूतनं सुटायला बाजूला उतार. सिलेंडर असला तर आतली पोकळी राखायला गाभा, गाभ्याला आधार, वाफेची वाट वाकडी जाते तिथं दोन गाभे जोडायचे. झिजलेला पार्ट समोर ठेवून नवा केला तर नवा पण झिजलेलाच होतो. मूळचा केवढा असणार ते बघून ओळखायला लागतं. कुठं घासलंय, किती घासलंय, का घासलंय. घूमला मी तेच बघत होतो. ब्रेक ब्लॉक एका अंगाला जास्त झिजलेला, म्हणजे उताराला एकाच बाजूनं दाबतोय. ज्यानं तो ओतला त्यानं खालचं टोक जाड ठेवलेलं. कुणीतरी समजून केलंय. त्याला भेटायला पाहिजे होतं."

बाबांना गेल्या चार वर्षांपासून काम नाही. आता पॅटर्न मशीनवर निघतात, ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकचे, चांगलेच निघतात, माझं स्वतःचं काम पण त्यातच आहे. माळ्यावर बाबांचे जुने ऑइल इंजिनचे पॅटर्न आहेत, शेतात पाणी उपसायला गावोगाव होती ना ती इंजिनं, त्यांचे. लाल काळा रंग लावलेले. कुणी विचारत नाही म्हणून मी पण कधी विचारलं नाही. घूमहून परत येताना गाडीत त्यांनी मला सगळ्या वाटेत सिलेंडर कसा ओततात ते सांगितलं, मी चाळीस वर्षांचा आहे आणि हे पहिल्यांदा ऐकलं.

मिरज_जंक्शन:
तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. एक लक्षात असू द्या, बॉयलर हा ओतकामाचा विषय नाही, तो पत्र्याचा आणि रिव्हेटचा, आणि त्याची तपासणी फार कडक असते, असलीच पाहिजे. वाफ माफ करत नाही. पण ब्रेक ब्लॉक, सिलेंडर, पिस्टन रिंग, जाळीचे बार हे सगळं बीडच. ते कोल्हापूरकडं झोपेत होईल.

बावड्याचा_बाळू:
काका, मी रागावलो नाही. खर्चाचं माझं म्हणणं तसंच आहे, कुणीतरी पैसे दिल्याशिवाय हे चालणार नाही आणि ते तिकिटातनं निघत नसणार. पण काचेत ठेवा म्हटलेलं मागं घेतो. माझा आजा तालमीत वस्ताद होता, डाव लिहून ठेवलेत वहीत, वही घरात आहे. वही वाचून कुणाला डाव लागला नाही अजून. उद्यमनगरी भाऊ, तुमच्या बाबांचं बोलणं व्हिडिओ करून ठेवा, आजच करा. हातात पॅटर्न घेऊन बोलायला लावा, नुसतं खुर्चीत बसवून नको.

रंकाळ्याची_माई:
बाळूनं लाखाचं सांगितलं. आणि शेजारी एखादं पोर बसवा, त्याला प्रश्न विचारू द्यात. मोठ्या माणसांना लाज वाटते आणि ती विचारत नाहीत.

उद्यमनगरी:
काल रविवारी केलं. मुलीला बसवलं, दहा वर्षांची आहे. माळ्यावरनं चार पॅटर्न काढले. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, आजोबा हा अर्धा लाल आणि अर्धा काळा का? बाबा पाऊण तास बोलले. आणि आता त्यांनी डोक्यात घेतलंय की तिच्यासाठी एक ब्रेक ब्लॉकचा पॅटर्न करायचा, खरा, पूर्ण मापाचा, आणि ओळखीच्या भट्टीत एक ओतून आणायचा. दार्जिलिंगचं माप आपल्याकडं नाही, फोटोवरनं करणार नाही म्हणतात. कुठल्यातरी वाफेच्या इंजिनाचा खरा ब्लॉक हातात पाहिजे. कुणाकडं आहे का?

मिरज_जंक्शन:
माझ्याकडं आहे. मीटरगेजचा. शेड मोडलं तेव्हा लिलावातल्या भंगारवाल्याकडनं वडिलांनी पैसे देऊन आणलेला, तेव्हापासून मागच्या दाराला अडवायला ठेवलाय, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. झिजलेला आहे. बाबांना झिजलेलाच लागेल ना ओळखायला?

उद्यमनगरी:
बाबा शेजारीच बसलेत, झिजलेलाच पाहिजे म्हणतायत, आणि विचारतायत वरच्या भोकाला कड आहे का.

मिरज_जंक्शन:
आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. आहे. एका बाजूला जास्त.

उद्यमनगरी:
मग येत्या रविवारी येतो काका, सकाळच्या पॅसेंजरनं. बाबा, मी आणि मुलगी. बाबांनी कॅलिपर शोधून तेल लावून ठेवलाय.

मिरज_जंक्शन:
या. जेवायलाच या. तोपर्यंत दाराला दगड लावतो.